साडूभाऊंची दोन पोकलेन

मी छातीठोकपणे सांगतो, १९९३ साली जळगाव आणि धुळे असे दोन्ही जिल्हे धुंडाळले असते, तरी रिमोटवर चालणारी पोकलेन दोनच सापडली असती. आणि त्या दोनांत चांगलं माझं होतं!

दुसरं होतं धुळ्याच्या कौतिकचं. कौतिक म्हणजे माझा साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तोही हेच वाक्य असंच छातीठोकपणे सांगतो. फक्त शेवट बदलतो.

पोकलेन म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेलं असणार. कालव्याच्या कामावर ते पिवळं धूड असतं ना, साखळीच्या पट्ट्यांवर सरपटणारं, लांब हाताने माती उपसणारं? तेच. एका सुट्टीच्या दिवशी मी ते चार तास उन्हात उभं राहून पाहिलं आणि घरी येऊन बायकोला जाहीर केलं, "लता, मी पोकलेन करणार!"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "करा. पण कांदा संपलाय."

मी जळगावला एका सरकारी कचेरीत नकाशे ट्रेस करतो. त्यामुळे मापात आपला हात कोणी धरायचा नाही! खऱ्याच्या बरोबर आठव्या हिश्शाचं यंत्र करायचं ठरवलं. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून केबिन केली. सायकलच्या चेनवर लोखंडाच्या एकशे अडुसष्ट पट्ट्या एकेक करून ठोकल्या आणि पट्टे केले. जीपच्या वायपरच्या मोटारी बसवल्या, स्कूटरची बॅटरी बसवली. दीड वर्ष लागलं. हात पसरला की चार फूट लांब, वजन अडतीस किलो! आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते पाहुण्यासारखं राहत होतं. पाहुणा निदान कधीतरी जातो, एवढाच फरक.

तिकडे धुळ्यात कौतिकचं स्वतःचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप. माझी बातमी कळल्यावर तो कसला गप्प बसतो! त्याने लेथवर पिस्टन ओढले, तांब्याच्या नळ्या फिरवल्या आणि तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र उभं केलं. वर केबिन गरागरा फिरायची सोय! माझं यंत्र स्क्रूसारख्या आट्यांच्या रॉडवर चाले, त्यामुळे जरा घरघरायचं. त्याचं तेल गळायचं.

"साडूभाऊ, तुमचं पोकलेन दळण दळतं," तो म्हणायचा.

"तुमचं रडतं," मी म्हणायचो.

मग पोस्टकार्डं सुरू झाली. मी लिहिलं, "कळविण्यास आनंद होतो की आज माझ्या यंत्राने अकरा विटा वाहून नेल्या." चौथ्या दिवशी उत्तर आलं, "आपले पत्र पावले. चौदा." खाली फक्त सही!

एक गोष्ट मात्र मी त्याला कधी कळू दिली नाही. माझा रिमोटचा सेट परदेशी होता. लताचा मावसभाऊ वना मस्कतला असतो. त्याने तो आणून दिला आणि कानात सांगितलं, "दाजी, कौतिकदाजींना बोलू नका हं. त्यांना वाईट वाटेल." मी कशाला बोलतोय! दोन दांड्यांचा, लांब चकचकीत एरियलचा तो डबा मी देवासारखा कपाटात ठेवला होता.

वना पुढच्याच आठवड्यात धुळ्याला गेला आणि कौतिकच्या कानातही असंच काहीतरी सांगून आला, हे मला फार उशिरा कळलं.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

आमची सासुरवाडी पहूरची. सासरे सुपडूआबा केळी-कापसाचे शेतकरी. तीन मुलींपैकी दोघी आम्हा दोघांना देऊन मोकळे झालेले, तिसरी कुंदा राहिली होती. कुंदा हुशार पोर. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला आणि जामनेरला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागली. रोज बसने जायची, यायची. पण लग्नाच्या बाजारात हे कोणाला आवडेना. दोन स्थळं आली, पोहे खाऊन गेली आणि निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण दिवसभर पेचकस घेऊन परक्या घरांत फिरते म्हणे."

आबांनी तेव्हापासून जेवण अर्ध्यावर आणलं होतं. कुंदा बोलायची नाही, पण तिचंही हसणं कमी झालेलं आमच्या लक्षात येत होतं.

म्हणून तिसरं स्थळ आलं तेव्हा मी, घरातला शहाणा जावई, पुढे सरसावलो. "आबा, या खेपेला टीव्हीचं नावच काढायचं नाही! मुलगी शिवणकाम करते म्हणून सांगा."

कुंदा एवढंच म्हणाली, "दाजी, मला बटणसुद्धा लावता येत नाही."

"लग्न झाल्यावर कोण बटण तपासतंय!" मी म्हणालो. आबांनीही मुकाट्याने तसाच निरोप धाडला.

हे स्थळ पिंपळनेरकडचं. मुलगा पुना, कालव्याच्या कामावर ऑपरेटर. कशाचा ऑपरेटर? पोकलेनचा! खऱ्याखुऱ्या, वीस टनी पोकलेनचा! आता सांगा, असा योग येतो का? मी ठरवलं, आपलं यंत्र घेऊन जायचं आणि मुलाला असं खूश करायचं की त्याने बैठकीतच होकार द्यावा!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी पोतं गुंडाळून यंत्र बसमध्ये चढवलं. कंडक्टर म्हणाला, "काय आहे हे?"

"पोकलेन."

"पोकलेनला बसमध्ये परवानगी नाही."

"अहो, खेळण्यातलं आहे."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "मग मूल कुठंय?"

लता खिडकीबाहेर बघू लागली, जणू मी कोणी अनोळखी प्रवासीच!

पहूरला पोचतो तर दारात टेम्पो, आणि अंगणात कौतिकचं पोकलेन! ताजा पिवळा रंग, नळ्या पुसून लखलखीत. शेजारी कौतिक, इस्त्रीच्या शर्टात.

"या, साडूभाऊ. बसने आलात? यंत्राला हवा लागली असेल."

आबा बाहेर आले. दोन्ही यंत्रांकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "जवाईबापू, पाव्हणे गेल्याबगर एकही यंत्र चालू करायचं नाही. पोरीच्या जन्माचा सवाल आहे."

"अजिबात नाही!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

माझं यंत्र गोठ्यामागे गेलं, कौतिकचं अंगणाच्या कोपऱ्यात राहिलं. पण प्रवासात एखादी तार निघाली असली तर? म्हणून मी गोठ्यामागे हळूच रिमोट चालू केला आणि यंत्राचा हात एकदाच वर-खाली करून पाहिला. उत्तम! तेवढ्यात अंगणातून धाडकन आवाज आणि कौतिकची आरोळी. त्याच्या यंत्राने आपोआप हात वर करून त्याच्याच हनुवटीवर ठेवून दिला होता!

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही. फार तयार यंत्र आहे. नुसता विचार केला तरी हात उचलतं," कौतिक हनुवटी चोळत म्हणाला.

मला मनातून बरं वाटलं. शंका मात्र आली नाही. नकाशे ट्रेस करणाऱ्या माणसाला शंका यायची सवय नसते, समोर असेल ते गिरवायचं!

अकरा वाजता पाहुणे आले. मुलाचे वडील झुलालआप्पा, भारदस्त माणूस, पायांत नव्याकोऱ्या करकरीत चपला. आई मंजुळाबाई, अंगभर हिरवं लुगडं आणि बारीक नजर. आणि पुना, उन्हाने रापलेला, लाजाळू, जमिनीकडे बघत बसलेला. ओट्यावर सतरंजी पसरली होती. कुंदाने पोहे आणून दिले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. शिक्षणाला ती जरा अडखळली, तर आबाच म्हणाले, "दहावीनंतर शिवणकाम." कुंदाने खाली मान घातली आणि आत गेली.

मग अशी शांतता पसरली म्हणता! पोह्यांतले शेंगदाणे चावल्याचा आवाज येत होता. पुना तर बोलायचं नावच घेईना. आबांना काही सुचेना आणि घाबरून त्यांच्याच तोंडून निघून गेलं, "आमचे दोन्ही जवाईपण पोकलेनवालेच आहेत."

पुनाने पहिल्यांदा मान वर केली. "पोकलेन? खरं का काय?"

"रिमोटवर चालतं!" कौतिक उठलाच. "दाखवतो की!"

आबा "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्याने पिशवीतून रिमोट काढला, एरियल ओढली आणि बटण दाबलं. मी बघतच राहिलो. तोच दोन दांड्यांचा डबा, तीच चकचकीत एरियल! वना, गुलामा!

कौतिकचं यंत्र डौलात पुढे निघालं. आणि त्याच क्षणी गोठ्यामागून ओळखीची घरघर ऐकू आली. माझं! सकाळी मी यंत्राचं बटण बंद करायला विसरलो होतो. पण मी तर रिमोटला हातही लावला नव्हता. मग ते चाललं कसं?

बघता बघता माझं पोकलेन गोठ्याच्या कोपऱ्यावरून वळून आलं. येताना कपडे वाळत घातलेली दोरी त्याने ओढून आणली होती. सासूबाईंचं लुगडं डोक्यावरून घेऊन ते नवरीसारखं सावकाश अंगणात शिरलं!

"अहो, तुमचं आलं!" कौतिक ओरडला.

मी पळत जाऊन माझा रिमोट चालू केला, थांबवायला म्हणून. तिथेच घात झाला! दोन्ही यंत्रं एकदम पिसाळली. कौतिकच्या यंत्राचं डोकं गरागरा फिरू लागलं आणि त्याच्या हाताने ओट्यावरच्या पोह्यांच्या बशा एका रांगेत उडवल्या. ठण्, ठण्, ठण्! शेंगदाणे कापसाच्या ढिगापर्यंत गेले. मग ते तसंच पुढे घुसलं, झुलालआप्पांच्या चपला त्याच्या हाताच्या टोकाच्या बादलीत अलगद शिरल्या, हात वर गेला, डोकं फिरलं आणि चपला थेट बैलांच्या हौदात!

"मन्या चपला!" आप्पा अहिराणीत गरजले. "काय करी राहिनात तुम्ही?"

"थांबवतोय!" मी ओरडलो.

"तुम्ही सोडा हो, मी थांबवतोय!" कौतिक ओरडला.

आम्ही दोघं पाठीला पाठ लावून दांड्या पिळत होतो. जेवढं पिळावं तेवढी यंत्रं चेकाळत होती. आणि तेवढ्यात माझ्या यंत्राच्या पट्ट्यात मंजुळाबाईंच्या लुगड्याचा काठ अडकला. यंत्र काठ गिळत गिळत त्यांच्याकडे सरकू लागलं. एका हाताने लुगडं धरून दुसऱ्या हाताने त्या खांबाला मिठी मारून बसल्या. अडतीस किलोंचं धूड, आणि समोर म्हातारं माणूस!

"दोघं रिमोट खाली ठेवा!"

आतून कुंदा आली होती. डोक्यावर पदर तसाच. पण आवाज असा की बैलांनीही माना वळवल्या.

"मी ठेवला तर यंत्र सुटेल!" मी म्हणालो.

"माझाच चालतोय, त्यांना ठेवायला सांग!" कौतिक म्हणाला.

ती आमच्या नादी लागलीच नाही. पदर खोचला, केसांतला आकडा काढला, माझ्या यंत्राचं झाकण उचकटलं आणि बॅटरीची तार उपटली. यंत्र जागीच गप्प! मग फिरत्या हाताखालून वाकून कौतिकच्या यंत्राची तार उपटली. तेही गप्प. पट्ट्याचं चाक हाताने उलटं फिरवून तिने काठ सोडवून दिला. एक धागा तुटला नाही!

मग ओट्यावर मांडी घालून तिने दोन्ही रिमोट मांडीवर घेतले आणि मागची झाकणं उघडली. आतून चिंचोक्याएवढी चकचकीत डबी काढली, दुसऱ्यातून दुसरी काढली आणि उन्हात धरून वाचली.

"दाजी, दोघांचे क्रिस्टल एकाच नंबरचे. रेडिओला स्टेशन असतं ना, तसं हे रिमोटचं स्टेशन. तुम्ही दोघं एकाच स्टेशनवर बोलताय. एकाने हुकूम दिला की दोन्ही यंत्रं ऐकणार. दोघांनी दिला की दोन्ही बावचळणार. आमच्या दुकानात—"

ती एकदम थांबली. पण शब्द बाहेर पडला होता.

झुलालआप्पा उठून उभे राहिले. "दुकान? पोर शिवणकाम करस अशे सांगेल व्हतं ना तुम्ही?"

आबांचा चेहरा कापसासारखा पांढरा झाला.

"चाल पुना," आप्पा म्हणाले आणि अनवाणीच पायऱ्या उतरले.

माझ्या पोटात खड्डा पडला. आजवर माझ्या यंत्राने असा खड्डा कधी पाडला नव्हता. मी आप्पांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. "आप्पा, ते खोटं माझं. आबांचं नाही, कुंदाचं तर नाहीच. ती टीव्ही दुरुस्त करते. आयटीआय पास आहे. त्यापायी दोन स्थळं गेली म्हणून मीच हे डोकं चालवलं. शिक्षा मला करा."

"मीही हो म्हणालो होतो," कौतिक मागून म्हणाला. खरं तर त्याला कोणी विचारलंच नव्हतं. पण माणूस चांगला आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

कुंदा उठली. "आप्पा, मला बटण लावता येत नाही. हे काम येतं, आणि लग्नानंतरही ते सोडायचं नाही. तुम्हाला चालत नसेल तर राग नाही. पण आबांना बोल लावू नका."

मंजुळाबाई इतका वेळ लुगड्याचा काठ न्याहाळत होत्या. त्यांनी तो नीट खोचला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "वो, बठा ना खाले! जवाई खोटा शेतस. पोर खोटी नही."

मग उघड्या रिमोटपासून यंत्रांपर्यंत सगळ्यावरून बोट फिरवून कुंदाला म्हणाल्या, "हाई बठ्ठं तुले येस? मनं लुगडं वाचाडं व माय तू!"

आप्पा घुटमळले. रागावून जायचं म्हटलं तरी पायांत चपला नव्हत्या, आणि पहूरच्या धुळीत अनवाणी रागाला किंमत नसते. ते येऊन बसले.

आणि पुना? तो कुठे होता? तो कधीच कुंदाशेजारी उकिडवा बसला होता आणि क्रिस्टल बोटांत फिरवून बघत होता.

"म्हणजे आता एका रिमोटने दोन्ही यंत्रं चालतील?" त्याने विचारलं.

"चालायला पाहिजेत," कुंदा म्हणाली. "बघायचं का?"

तिने एक क्रिस्टल परत बसवला, तारा जोडल्या, त्याने रिमोट धरला. दोन्ही पोकलेन शेजारी शेजारी, बैलजोडीसारखी अंगणातून निघाली. एकच अडचण होती. वळायची दांडी ओढली की माझं यंत्र वळे आणि कौतिकचं नुसतं मान फिरवून त्याच्याकडे बघे! मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आप्पांच्या मिशा हलल्या. कुंदा तर किती महिन्यांनी अशी मोकळी हसली! आबांनी कोणी न सांगता दुसरी बशी पोहे मागवले.

कौतिक आणि मी त्या वेळी हौदात गुडघाभर पाण्यात होतो. दारात दोन पोकलेन उभी असताना चपला हातानेच काढाव्या लागल्या!

चपला उन्हात ठेवून मी ओल्या पँटने ओट्यावर आलो आणि न राहवून पुनाला विचारलंच, "तुम्ही खरे ऑपरेटर. सांगा बरं, दोन्हींत सरस कोणतं?"

"अगदी मनापासून सांगा," कौतिकही म्हणाला.

पुनाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कौतिककडे. "आत्ता नको. लग्न होऊन जाऊ द्या, मग सांगतो."

तो काय बोलून गेला ते त्याच्या आधी सगळ्यांना कळलं! कुंदा रिमोट टाकून आत पळाली. सासूबाई साखर शोधायला धावल्या. आप्पांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं, मंजुळाबाईंनी "मंग काय!" अशी मान हलवली. आबांनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं. मी मोजल्या, सहा पोळ्या!

होळीनंतर लग्न झालं. कुंदाला सासरजवळच्या साक्रीत दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं, आणि पुना स्वतः तिला मोटरसायकलवर सोडतो, असं कळलं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिन्ही बहिणी माहेरी आल्या, पाठोपाठ आम्ही तिघं साडू. जेवणं झाली, आमरस जिरला. मी आणि कौतिकने पुनाला आंब्याखाली गाठलं. मधल्या काळात दोघांनीही यंत्रांना नवा रंग दिला होता.

"हं, आता सांगा. सरस कोणतं?"

पुना चुळबुळला. "साडूभाऊ, रागावणार नाही ना?"

"छे!"

"दोन्हींची कामगिरी झकास आहे. पट्टे तर एकदम खऱ्यासारखे. पण खरं पोकलेन कसं खणतं? हात लांब टाकतं आणि माती स्वतःकडे ओढतं. बादलीचे दात आतल्या बाजूला असतात. तुमच्या दोघांचेही बाहेर आहेत. तुमचं यंत्र पुढे घुसून माती उचलतं." त्याने नजर अखाजीच्या झोक्याकडे वळवली. "याला आम्ही लोडर म्हणतो."

आंब्यावर कोकीळ ओरडली, तीही मला हसल्यासारखी वाटली.

"मी साडूभाऊंचं बघून लावली बादली," कौतिक हळूच म्हणाला. "ट्रेसर माणूस, माप चुकायचं नाही म्हटलं."

"आणि मी तुमचं बघून माझी बादली फिरवली!" मी ओरडलो. "वर्कशॉपवाला माणूस म्हणून!"

पुना बिचारा उठून झोक्याकडे निघून गेला.

तेव्हा वाचकहो, पहिलं वाक्य तेवढं दुरुस्त करून घ्या. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांत मिळून रिमोटवर चालणारं पोकलेन १९९३ साली एकही नव्हतं. लोडर मात्र दोन होते. आणि त्यांतला चांगला माझा होता!